लेसरनंतर पुन्हा मैदानावर: डोळा सांभाळून व्यायाम कसा सुरू करावा

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरची प्लास्टिकची झाकणं काढली आणि अंगणातल्या माडाची झावळी न् झावळी वेगळी दिसली. बारा वर्षं जाड चष्मा लावलेल्या माणसाला तेव्हा काय वाटतं, ते ज्याने चष्मा लावलाय त्यालाच कळेल. त्याच आनंदात सहाव्या दिवशी मी बॅडमिंटनची रॅकेट उचलली. डबल्स चालू होती. जोडीदाराच्या रॅकेटची कड माझ्या गालाच्या हाडावर बसली, डोळ्यापासून बोटभर खाली. गाल सुजला, डोळा वाचला. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, तपासून सगळं जागच्या जागी असल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, "दिसायला लागलं म्हणजे बरं झालं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं, मीच धरून चाललो होतो. मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. त्यानंतरच्या काळात कितीतरी जणांनी, माजी विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी, कोर्टवरच्या सोबत्यांनी मला हेच विचारलंय: "सर, लेसर झालंय, कधीपासून खेळू?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात जे सांगत आलो ते इथे एकत्र लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने दिलेली मुदत आणि इथली मुदत वेगळी असेल तर सर्जनची धरा, कारण तुमचा डोळा त्यांनी पाहिलाय.

आधी डिस्चार्जचा कागद वाचा

आपण सरसकट "लेसर केलं" म्हणतो. पण लॅसिक, स्माइल आणि पीआरके या तीन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. तिन्हींत जखम वेगवेगळ्या प्रकारची होते, म्हणून व्यायामाचं वेळापत्रकही वेगळं.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या थराचा, वरचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खालच्या भागाला एक्सायमर लेसरने आकार देतात आणि पान परत मिटतात. अख्खा कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यातला हा पापुद्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा. टाके नसतात. कडेवर एक-दोन दिवसांत पेशींचा नवा थर चढतो, म्हणून फारसं दुखत नाही आणि लगेच दिसायला लागतं. आतून मात्र तो पूर्वीइतका घट्ट पुन्हा कधीच जुळत नाही. नंबर थोडा परत आला तर काही वर्षांनीसुद्धा सर्जन तोच पापुद्रा उचलून पुन्हा लेसर करू शकतात, यावरूनच काय ते समजावं. जोराचा मार लागून शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी पापुद्रा सरकल्याची उदाहरणंही वैद्यकीय नोंदींत आहेत. असं क्वचित होतं, पण होतं. जाहिरातीतलं 'कंटूरा' हेही मुळात पापुद्र्याचं लॅसिकच.

स्माइलमध्ये पापुद्रा नसतो. कॉर्नियाच्या आतच लेसरने भिंगासारखी पातळ चकती कोरतात आणि २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढतात. सरकण्यासारखं काही नसल्यामुळे धक्क्याची भीती कमी. जंतूंची काळजी मात्र तितकीच घ्यावी लागते.

पीआरकेमध्ये कॉर्नियावरची सगळ्यात वरची साल काढून टाकतात, लेसर करतात आणि वर बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, बसवतात. साल परत धरायला ४ ते ७ दिवस लागतात. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, चुरचुरतो, उजेड सोसत नाही. नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. पण एकदा भरून आलं की पुढे निसटण्यासारखं काही उरत नाही. म्हणूनच कराटे, बॉक्सिंग, कबड्डी खेळणाऱ्यांना पुष्कळ सर्जन हीच पद्धत सुचवतात. तुमची शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर आपण काय खेळतो ते सर्जनला स्वतःहून सांगा. ते विचारतीलच, या भरवशावर राहू नका.

डोळ्यात भिंग बसवून घेतलं असेल तर ती वेगळी शस्त्रक्रिया. हा लेख तिच्यासाठी नाही.

तारीख घेताना कॅलेंडर समोर ठेवा

आपल्याला नाही म्हणता येणार नाही असा सण किंवा स्पर्धा पुढच्या दीड महिन्यात असेल तर तारीख पुढे ढकला. शिगम्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सणात, रोमटामेळाच्या मिरवणुकीत नाचणारा माणूस फाल्गुनाच्या तोंडावर लेसर करून आला, तर गुलालापासून तो डोळे कसे वाचवणार? २४ जूनला सांजावच्या सणाला विहिरीत उड्या मारणाऱ्यांचं तसंच, आणि आषाढात माशेलच्या चिखलकाल्यात लोळणाऱ्यांचंही तसंच. मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ ची तयारी करत असाल तर तिथे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचंय, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धाव. स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजून निदान तीन-चार महिने तरी मोकळे ठेवा.

पावसाळ्यात समुद्र तसाही बंद असतो, त्यामुळे पोहणाऱ्यांना जून-जुलै सोयीचे वाटतात. पण डोळे येण्याची साथही तेव्हाच असते. घरात किंवा वर्गात कोणाचे डोळे आले असतील तर माझ्या मते थांबलेलं बरं.

पहिले तीन दिवस: काहीच नाही

खरंच काही नाही. झोप, थेंब, झोप. घरातल्या घरात चालणं पुरे. रात्री झाकण लावूनच झोपायचं, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातो आणि आपल्याला कळतही नाही. डॉक्टर सांगतील तितक्या रात्री ते लावा, कंटाळा करू नका.

अंघोळ गळ्याखालून. तोंड ओल्या फडक्याने पुसा. डोक्यावरून पाणी साधारण आठवडाभर नको. केस फार चिकट झाले तर सलूनमध्ये मान मागे टाकून धुऊन घ्या, डोळे मिटून. थेंब एकापेक्षा जास्त असतील तर दोन थेंबांत ५ मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो.

माझ्या आजीने माझ्यासाठी गुलाबपाण्याची बाटली काढून ठेवली होती. तिला नको म्हणताना जीव कसानुसा झाला, पण म्हटलं. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी, एरंडेल यातलं काहीही ताज्या जखमेत जायला नको. घरातल्या मोठ्यांना शस्त्रक्रियेआधीच समजावून सांगा, म्हणजे त्यांनाही वाईट वाटत नाही.

चौथ्या दिवसापासून चालणं, आणि घामाचा बंदोबस्त

लॅसिक आणि स्माइलवाल्यांना साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेर चालायला हरकत नसते. पीआरकेवाल्यांनी बँडेज लेन्स निघेपर्यंत थांबावं. सकाळी लवकर, झाडांच्या सावलीत चाला. पणजीत असाल तर आल्तिनोचं जॉगर्स पार्क चांगलं. मिरामारची पुळण मात्र पहिला महिनाभर विसरा. दर्यावरून येणारा वारा रेती घेऊन येतो, आणि या काळात डोळ्यात रेतीचा कण गेला तर कदाचित जाणवणारही नाही. लेसरने कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात. त्या वाढून यायला महिने लागतात आणि तोवर डोळ्याची संवेदना बोथट असते. टोचत नाही म्हणून काही गेलंच नाही, असं समजू नका. डोळा कोरडा पडण्यामागेही हेच एक कारण: नसा निरोप देत नाहीत, म्हणून अश्रू कमी येतात.

आता घाम. गोव्याच्या दमट हवेत घाम हीच पहिली अडचण, वजनं आणि चेंडू नंतर. दहा मिनिटं चाललं की कपाळ निथळतं. त्या घामात मीठ असतं, डोक्यावरचं खोबरेल असतं, सनस्क्रीन असतं. डोळा चुरचुरला की हात आपोआप वर जातो आणि मूठ वळून आपण डोळा चोळतो. लॅसिकच्या पापुद्र्याला पहिल्या दिवसांत सगळ्यात मोठा धोका या चोळण्याचाच.

म्हणून घाम डोळ्यापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. कपाळावर जाडसर सुती पट्टी बांधा, भुवयांच्या जरा वर. डोक्याला तेल लावायचं ते रात्री, आणि ते कमी. व्यायामाच्या सकाळी नाही. सनस्क्रीन गालांना आणि नाकाला लावा, कपाळाला नको, तिथे टोपीची सावली पुरते. खिशात दोन स्वच्छ रुमाल ठेवा: एक मानेला आणि हातांना, दुसरा फक्त कपाळाला. पुसायचं ते भुवयांपासून वर केसांकडे, खाली कधीच नाही. इतकं करूनही घाम डोळ्यात गेलाच तर थांबा, सावलीत बसा, साबणाने हात धुऊन कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला आणि डोळा मिटून राहा. बाहेर आलेलं पाणी गालावरच टिपा.

एक युक्ती मला फार उपयोगी पडली. व्यायामाला जाताना मी शून्य नंबरचा पारदर्शक सेफ्टी चष्मा लावायला लागलो. धूळ अडते ती आहेच, पण खरा फायदा असा की चोळायला निघालेला हात काचेवर आपटतो आणि आपल्याला आठवण होते.

पीआरकेवाल्यांनी उन्हाचं विशेष जपावं. भरून येत असलेल्या कॉर्नियावर तीव्र ऊन पडत राहिलं तर धूसर डाग धरण्याची शक्यता वाढते. अतिनील किरण पूर्ण अडवणारा गॉगल काही महिने तरी बाहेर पडताना हवाच, आभाळ भरलेलं असलं तरीही.

जिमपेक्षा जिमपर्यंतचा रस्ता

आठवड्याची तपासणी झाली आणि डॉक्टर हो म्हणाले, की जिमचा विचार करा. पण आपण जिमला जातो ते स्कूटरवरून, आणि पहिल्या पंधरवड्यात जिमपेक्षा ती स्कूटरच जास्त त्रासाची. डिचोली-सांग्याकडच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ, ट्रकमागचा धूर, तिन्हीसांजेचे किडे. हेल्मेटची काच खाली असलीच पाहिजे. संध्याकाळची वेळ शक्यतो टाळा, कारण पहिले काही आठवडे रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो. स्वतः गाडी चालवायला परवानगी मिळेपर्यंत कोणाच्या तरी मागे बसून जा, नाहीतर घरीच व्यायाम करा.

जिममध्ये सुरुवात बसायच्या सायकलने किंवा ट्रेडमिलवर चालण्याने करा. मशीन पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात नको. बाहेर आपली हवा दमट असते, पण एसीच्या खोलीत डोळा भराभर सुकतो. व्यायामाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी कृत्रिम अश्रू घाला, आणि प्रत्येक सेटनंतर मुद्दाम पाच-सात वेळा पूर्ण पापणी मिटा.

वजनं साधारण दुसऱ्या आठवड्यात, नेहमीच्या अर्ध्याने. जोर लावताना श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, तसा डोळ्यातलाही वाढतो. वजन उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडल्याशिवाय उचलता येत नसेल तर ते वजन अजून जड आहे. पूर्ण ताकदीचे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट महिन्याच्या तपासणीनंतर पाहा.

रबरी रेझिस्टन्स बँडबद्दल मला कळकळीने सांगायचंय. घरी व्यायाम करणारे हल्ली तो दाराच्या कडीला अडकवून चेहऱ्याकडे ओढतात. तो निसटला किंवा तुटला तर थेट डोळ्यावर येतो. नुकतंच लेसर झालेल्याने चेहऱ्याच्या दिशेने ओढायचा बँडचा कुठलाही व्यायाम करू नये. माझ्या मते पुढेही चष्म्याशिवाय करू नये. आणि जिमच्या बाकावर तोंड टेकवून झोपायचे व्यायाम करायचे असतील तर स्वतःचा टॉवेल अंथरा. तोच टॉवेल नंतर तोंडाला लावू नका.

योगासनं करणाऱ्यांसाठी

योग म्हणजे सौम्य, असं समजून लोक तिसऱ्याच दिवशी चटई अंथरतात. बसून आणि उभं राहून करायची आसनं, शांत श्वसन, शवासन हे आठवड्याभरात करता येतं. डोकं हृदयाच्या खाली जातं त्या सगळ्या आसनांना मात्र थांबवा. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. सर्वांगासन, हलासन, अधोमुख श्वानासनातही तो वाढतो. सूर्यनमस्कारात डोकं पुन्हा पुन्हा खाली जातं, म्हणून महिनाभर ते अर्ध्यावरच ठेवा, उभ्या स्थितींपुरते. कपालभाती आणि भस्त्रिका दोन-तीन आठवड्यांनंतर, हळू गतीने.

दोन गोष्टी कोणी सहसा सांगत नाही. त्राटक करू नका. पापणी न मिटता ज्योतीकडे बघत राहणं कोरड्या डोळ्याला नेमकं उलट आहे. आणि जलनेती महिनाभर बंद ठेवा, नाकातून निघालेलं पाणी गालावरून डोळ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही.

स्टिरॉइडचे थेंब चालू असतील, आणि पीआरकेनंतर ते काही आठवडे, कधी काही महिनेही चालतात, तर काही जणांत त्या थेंबांनीच डोळ्याचा दाब वाढतो. तसं असेल तर शीर्षासनाची परवानगी दाब मोजल्यावरच मागा.

पाणी: गोव्यात सगळ्यात कठीण परीक्षा

आपल्याकडे पाणी चारी बाजूंनी बोलावतं. समुद्र आहे, नदी आहे, देवळाची तळी आहे, विहीर आहे, उन्हाळ्यात केसरवाळची नाहीतर पोंबुर्फ्याची झर आहे. म्हणून हा भाग नीट वाचा.

पाण्याची भीती दोन कारणांनी. एक, लाटेचा किंवा उडीचा मार. दुसरं आणि मोठं म्हणजे जंतू. तळी, विहीर, झर, नळ, अगदी जलतरण तलावाच्या पाण्यातही अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. कॉर्नियावर जखम असेल तर तो आत शिरतो, आणि त्याचा संसर्ग अतिशय वेदनादायक आणि बरा व्हायला महिनोन्‌महिने घेणारा असतो. तो कवच करून राहतो, त्यामुळे तलावातलं क्लोरीन त्याला पुरं पडत नाही. झरीचं पाणी नितळ असतं, औषधी म्हणून लोक त्यात डोकं घालून बसतात. नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. झरीत गळ्यापर्यंतच जा, आणि तेही महिन्याभरानंतर.

जलतरण तलावात उतरायला पुष्कळ डॉक्टर दोन आठवड्यांनी परवानगी देतात, काही चार आठवडे थांबायला सांगतात. मी चारच्या बाजूचा. समुद्र, नदी, तळी यांना किमान एक महिना. पीआरके असेल तर डॉक्टर सांगतील तोवर.

पहिल्यांदा उतरताना असं करा. घरी आरशासमोर पोहण्याचा गॉगल चढवायचा सराव करा. काच हलकेच डोळ्याच्या खोबणीवर टेकवायची, मग पट्टा मागे न्यायचा. जोरात दाबून हवा काढू नका, त्याने डोळ्यावर ओढ बसते. काढताना काच पुढे ओढून सोडायची नाही. आधी पट्टा सैल करायचा, मग कडेला बोट घालून हवा आत येऊ द्यायची. तलावावर पहिला दिवस उथळ बाजूला, वीसेक मिनिटं. सूर नको, उडी नको, गर्दीची वेळ नको. दुसऱ्याची लाथ लागते ती गर्दीतच. बाहेर आल्यावर स्वच्छ टॉवेलने तोंड टिपा आणि थेंब घाला.

समुद्रात पोहायचं ते शांत दिवशी, जीवरक्षक असतील तिथे, बावट्याचा रंग बघून. लाटेकडे तोंड करून उभं राहण्याची हौस दोन-तीन महिने लांबवा.

ग्रांदे बेटाकडे स्कूबाला जाणाऱ्यांना निदान एक महिना थांबायला सांगतात, पीआरकेनंतर सर्जन सांगतील तितकं. खोल जाताना मास्कच्या आतली हवा आक्रसते आणि मास्क डोळ्यांकडे ओढला जातो. नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहिलं की ही ओढ राहत नाही. प्रशिक्षकाला पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगा की लेसर झालंय. फॉर्मवर तसा रकाना असेल तर लपवू नका.

चेंडू, शटल आणि कोपर

माझी स्वतःची चूक इथलीच, म्हणून जरा सविस्तर.

शटलच्या बुचाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर असतो. डोळ्याभोवतीची हाडाची खोबण त्याहून मोठी. फुटबॉल आधी भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, शटल मात्र सरळ आत जाऊन डोळ्यावर आदळतं. आपल्या घरच्या कोर्टवर काही भारताचे बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी समोर नसतात; त्यांच्या स्मॅशचा २०२३ मध्ये नोंदवलेला वेग ताशी ५६५ किलोमीटर आहे. पण गावातल्या कोर्टवरची स्मॅशही डोळ्याला पुरेशी असते.

बॅडमिंटनला निदान एक महिना द्या. मग पहिला आठवडा एकट्याने, भिंतीशी किंवा फक्त उंच क्लिअर मारत. मग सिंगल्स. डबल्स सगळ्यात शेवटी, कारण तिथे जोडीदाराची रॅकेटही आहे. पुढे उभ्या असलेल्याने मागे वळून बघायचं नाही, हा नियम मी आता मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. मागून स्मॅश येत असते आणि वळलेल्या चेहऱ्यावर नेमका डोळा समोर येतो.

फुटबॉल हा आपला राज्य खेळ, आणि पावसात शेतात, चिखलात तो खेळायची मजा मला ठाऊक आहे. तरीही: धावणं आणि एकट्याने चेंडूवरचा सराव तीन आठवड्यांनी, सामना महिन्यानंतर, हेडर त्याहूनही नंतर. डोळ्याला खरा मार लागतो तो उडी घेताना शेजाऱ्याच्या कोपराचा आणि बोटाचा. चिखलाचा पहिला पाऊसकाळ सोडूनच द्या.

चष्मा कोणता घ्यायचा? पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा, मागे पट्टा असलेला, शून्य नंबरचा. रॅकेट खेळांसाठी पाहताना त्यावर एएसटीएम एफ३१६४ (जुन्या चष्म्यांवर एफ८०३) असं अमेरिकी मानक लिहिलंय का बघा. साधा फॅशनचा गॉगल लावून खेळू नका. त्याची काच फुटली तर तुकडे डोळ्यात जातात.

कबड्डी, कुस्ती, कराटे, बॉक्सिंग यांची परवानगी सर्जनने स्वतः, खेळाचं नाव घेऊन दिलेली असावी. लॅसिक झालेल्याने बॉक्सिंगचा रिंगमधला सराव करावा असं मला वाटत नाही.

सायकलवाल्यांना दोन आठवड्यांनी रस्ता मोकळा, पण कानापर्यंत वळलेला चष्मा घालून. पणजी-रायबंदर कॉजवेवर सपाट रस्ता मिळतो, तसाच खारट वाराही समोरून मिळतो. सुरुवातीला अर्ध्या तासात परत फिरा.

व्यायाम न वाटणारी कामं

कित्येकांचा व्यायाम जिममध्ये नसतो, कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, असतो. नारळ सोलणं, सुपाऱ्या पाडणं, गवत कापणं, भातलावणी. इथे एक धोका शहरातल्या माणसाला माहीत नसतो. भाताचं पातं, गवताची काडी किंवा झावळीचं टोक डोळ्याला लागलं तर कॉर्नियात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तो हळू चढतो, सुरुवातीला साधा लाल डोळा वाटतो, आणि स्टिरॉइडचे थेंब चालू असले तर आणखी फोफावतो. म्हणून शेतीची, बागेची कामं किमान महिनाभर दुसऱ्यावर सोपवा. पुढेही गवत कापताना, माडाखाली काम करताना सेफ्टी चष्मा लावा. काडी लागलीच तर जुने उरलेले थेंब घालू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा.

फुगडी आणि धालो खेळणाऱ्या बायकांनी फुगडीला तीन-चार आठवडे द्यावेत. गरगर फिरताना हात सुटला तर पडताना तोंड कुठे आपटेल याचा नेम नसतो.

तासभरही थांबायचं नाही, असं केव्हा

मार लागून किंवा चोळल्यावर एकदम दुखू लागलं, घळाघळा पाणी आलं आणि नजर धूसर झाली, तर पापुद्रा सरकला असण्याची शक्यता असते. डोळा धुऊ नका, चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. रात्रीचं झाकण वरून हलकं लावा आणि सर्जनकडे निघा. लवकर गेलात तर पापुद्रा जागेवर बसवता येतो. उशीर झाला तर त्याला सुरकुत्या पडतात. सर्जनचा फोन लागत नसेल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) तातडीच्या विभागात जा, किंवा १०८ ला फोन करा. सर्जनचा रात्रीचा नंबर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही टाका. डोळा दुखत असताना आपल्याला यादी वाचता येत नाही.

वाढत जाणारं दुखणं, लाली, चिकट पू, उजेडाचा त्रास ही संसर्गाची लक्षणं. ही दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणखी एक गोष्ट, फक्त जास्त उणे नंबर असलेल्यांसाठी. लेसरने नंबर जातो, पण डोळ्याची लांबी तीच राहते, आणि त्या लांब डोळ्याचा मागचा पडदा ताणलेलाच असतो. व्यायाम करताना किंवा एरवीही डोळ्यात अचानक विजेसारखे चमकारे दिसले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर तो पडदा सुटत असण्याची भीती आहे. लेसरला दहा वर्षं झाली असली तरी त्याच दिवशी जायचं.

महिन्याच्या तपासणीला काय विचाराल

सगळं छान दिसत असतं म्हणून बरेच जण महिन्याची तपासणी चुकवतात. ती चुकवू नका, कारण व्यायामाचे जवळजवळ सगळे मोठे निर्णय त्याच दिवशी घ्यायचे असतात. कागदावर लिहून न्या: पापुद्रा किंवा छेद नीट भरलाय का, डोळ्याचा दाब किती आहे, कोरडेपणा किती आहे आणि थेंब अजून किती दिवस, आणि मग तुमच्या खेळाचं नाव घेऊन एकेक गोष्ट. "व्यायाम करू का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येतं. "चारचौघांत फुटबॉल खेळतो, हेडर मारतो, पावसात खेळतो, चालेल का?" असं विचारा.

मी पाचव्या आठवड्यात कोर्टवर परतलो, पट्ट्याचा चष्मा लावून. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "सर, चष्मा काढायला लेसर केलंत ना, मग परत चष्मा?" मी त्यांना बसवून गालावरची ती जागा दाखवली आणि शटलचं बूच हातात देऊन आपापल्या डोळ्याच्या खोबणीसमोर धरायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोघं जण स्वतःचा चष्मा घेऊन आले.